यंत्रमागाच्या आवाजावरील रचना आणि तिचे चित्रीकरण : प्रत्येक ठोक्याला चित्र बांधावे का?

वडगावकर (धागाकर्ता)

बेळगावच्या वडगावातील एका परिचिताच्या यंत्रमाग शेडमध्ये मुद्रित केलेल्या आवाजांवरून मी अकरा मिनिटांची एक इलेक्ट्रॉनिक रचना तयार केली आहे. आडवा धागा घेऊन जाणारा धोटा पेटीत आदळल्याचा फटका, तो धागा दाबून बसवणाऱ्या फणीचा ठोका, मोटरच्या पट्ट्याची घसर आणि धोट्यातील धाग्याची कांडी संपून माग थांबल्यावर उरणारी पोकळी, एवढेच तिचे साहित्य आहे. खाली तंबोरा आहे. तो शेडमधील विजेच्या गुणगुणीशी जुळवलेला असल्यामुळे पांढरी पाच या पेटीच्या पट्टीपेक्षा किंचित चढा लागतो. गीताचे बोल नाहीत, पण कामगारांचे कानडी-मराठी बोलणे जिथे मुद्रणात आले तिथे मी ते पुसलेले नाही.

आता या रचनेसाठी चित्रफीत करावयाची आहे आणि तिथे मी अडलो आहे. अशा संगीताच्या दृश्यांमध्ये मला दोन टोके दिसतात. एका टोकाला ऑटेकर या इंग्लिश जोडीच्या 'गँट्झ ग्राफ'साठी अलेक्झांडर रटरफर्ड यांनी २००२ साली केलेली चित्रफीत आहे. तिच्यात संगणकावर घडवलेली एक यंत्रासारखी वस्तू आवाजाच्या कणाकणाबरोबर तुटते, वळते आणि पुन्हा जुळते, आणि ही सारी जुळणी आपोआप झालेली नसून फ्रेममागून फ्रेम हाताने केलेली आहे. दुसऱ्या टोकाला अमेरिकन रचनाकार ला माँट यंग आणि मारियन झझीला यांचे न्यूयॉर्कमधील 'ड्रीम हाउस' आहे. ती चित्रफीत नव्हे, खोली आहे. तिथे अखंड स्वर आणि गुलाबी-जांभळा प्रकाश असतो, पण प्रकाश स्वराच्या मागे धावत नाही. ऐकणाऱ्याने नुसती मान वळवली तरी त्याच्या कानावर पडणारे स्वरांचे मिश्रण मात्र बदलते.

माझा कल पहिल्या टोकाकडे आहे, कारण मागाच्या आवाजाचे कारण डोळ्यांना दिसणारे आहे. धोटा उडताना दिसला की फटका पटतो. तरीही अकरा मिनिटे तेच करणे योग्य ठरेल का, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

टिळकवाडीकर

रचना ऐकली. सुरुवातीचा भाग उत्तम आहे. सहाव्या मिनिटानंतरची गाळणी (फिल्टर) मला थोडी हौशी वाटली, पण तो या धाग्याचा विषय नाही.

आपण दोन टोके सांगितलीत, परंतु अधिक उपयोगाचे काम त्यांच्या मधल्या जागेत झालेले आहे आणि तिथे मिशेल गाँद्री या फ्रेंच दिग्दर्शकाला टाळून पुढे जाता येत नाही. डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीच्या 'अराउंड द वर्ल्ड'मध्ये (१९९७) त्यांनी नर्तकांचे गट केले आणि प्रत्येक गटाला एकेक वाद्य वाटून दिले : खेळाडू बेसबरोबर चढतात-उतरतात, सांगाडे गिटारबरोबर हलतात, ममी ड्रम मशीनबरोबर, यंत्रमानव गायनाबरोबर. पाच वर्षांनी केमिकल ब्रदर्स या इंग्लिश जोडीच्या 'स्टार गिटार'मध्ये त्यांनी रेल्वेच्या खिडकीतून दिसणारा प्रदेश घेतला आणि खांब, पूल, इमारती, शेजारून जाणारे डबे यांना तालाच्या जागी बसवले. त्यासाठी त्यांनी आधी आलेखाच्या कागदावर मांडणी केली होती आणि घरातल्या संत्री, काटे, पेले अशा वस्तू ओळीने ठेवून ती पडताळून पाहिली होती.

या दुसऱ्या चित्रफितीचे यश कशात आहे, हे तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. खांबाचा आणि ड्रमचा प्रत्यक्ष काहीही संबंध नाही. पाहणाऱ्याला आधी साधा प्रवास दिसतो, आणि मग प्रत्येक ठोक्याला तोच खांब येतो आहे हे लक्षात येताच सगळा प्रदेशच वाजू लागतो. तुमच्याकडे परिस्थिती नेमकी उलटी आहे. आवाजाचे खरे कारणच पडद्यावर दाखवले तर चित्र हे आवाजाचा पुरावा ठरते आणि त्यापलीकडे त्याला काही काम उरत नाही. उद्योग खात्याच्या माहितीपटातही धोटा आणि फटका एकाच वेळी येतात.

लोंढा_जंक्शन

रेल्वेचा विषय निघाला म्हणून सुचवतो की आपल्याकडे लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे दूधसागरकडे उतरणारा घाट आहे. बोगदे आहेत, पूल आहेत, वळणे आहेत. फ्रेंच रचनाकार पिएर शेफेर यांनी १९४८ साली पॅरिसच्या स्थानकात मुद्रित केलेल्या इंजिनांच्या आवाजातूनच या प्रकारच्या संगीताचा आरंभ केला, तेव्हा आगगाडीचा मान पहिला आहे. मागांच्या आवाजावर गाडीचे दृश्य का चालणार नाही?

वडगावकर

चालेल, पण मग ती दुसऱ्याच कोणाची तरी चित्रफीत होईल. शेडच्या बाहेर कॅमेरा न्यायचा नाही एवढे मी ठरवले आहे. टिळकवाडीकरांचा पुराव्याचा मुद्दा मात्र मनाला लागला.

निपाणीकर

विषयांतराबद्दल क्षमा असावी. मी किराणा घराण्याचे गाणे ऐकत वाढलो. सवाई गंधर्व कुंदगोळचे, कुमार गंधर्व तर तुमच्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे. असा वारसा असलेल्या प्रदेशात कारखान्याच्या गोंगाटाला संगीत म्हणण्याची वेळ का यावी, असा प्रश्न मला प्रामाणिकपणे पडतो. हे सगळे बाहेरून आणलेले नाही काय?

टिळकवाडीकर

उत्तर थोडक्यात देतो, कारण मूळ प्रश्न बाजूला पडू नये. पहिली गोष्ट, ज्या ला माँट यंग यांचा उल्लेख वर झाला ते १९७० पासून पंडित प्राणनाथ यांचे शिष्य होते, आणि प्राणनाथ हे किराणा घराण्याच्या अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य; त्यामुळे या बाबतीत आयात-निर्यात दोन्ही दिशांनी झालेली आहे. दुसरी गोष्ट, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मूग सिंथेसायझरसह इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला होता आणि गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथूर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तिथे रचना केल्या होत्या. त्या फिती अनेक दशके पडून होत्या. पॉल पुर्गास यांनी त्या शोधून काढल्यावर २०२३ साली त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली दहा रागांना डिस्कोच्या तालावर सिंथेसायझरवर वाजवून काढलेली तबकडी तेव्हा फारशी कोणी विचारली नाही, आणि २०१० मध्ये ती पुन्हा निघाल्यावर जगभर गाजली. तेव्हा गोंगाट आवडत नाही असे आपण जरूर म्हणावे, तो परका आहे असे म्हणणे कठीण आहे.

उद्यमबाग

मी संगीतातला नाही. मोटर वायंडिंगच्या धंद्यात आयुष्य गेले. मुलाने हा धागा दाखवला आणि रचना ऐकवली, म्हणून एका गोष्टीकडे लक्ष वेधतो, जिचा उल्लेख कोणीच केलेला नाही.

तिसऱ्या मिनिटाच्या आसपास दोन मागांचे ठोके एकत्र पडतात, हळूहळू सुटतात, एकमेकांच्या मधोमध येतात आणि पुन्हा जुळतात. हे धागाकर्त्यांनी संगणकावर केले असावे असे मुलाला वाटले. मला ते शेडमध्ये आपोआप घडलेले वाटते, कारण ते तसेच घडते. मागाची मोटर सामान्यतः चार पोलची इंडक्शन मोटर असते. ५० हर्ट्झच्या विजेवर तिच्यातील चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते, पण मोटरचा दांडा कधीही १५०० ने फिरत नाही; तो भारानुसार मागे पडतो आणि पूर्ण भारावर साधारण १४४० वर येतो. या मागे पडण्याला आम्ही स्लिप म्हणतो. एका मागाचा ताणा घट्ट, दुसऱ्याचा सैल. एकाचे तेल-पाणी झालेले, दुसऱ्याचे राहिलेले. त्यात पट्ट्याची घसर वेगळीच. म्हणून एकाच मापाच्या मोटरी आणि एकाच मापाच्या पुल्या असूनही दोन मागांचा वेग कधी तंतोतंत सारखा राहत नाही. एक माग मिनिटाला १२० आणि शेजारचा १२१ वेळा धोटा फेकत असेल तर दोघांचे ठोके मिनिटातून एकदाच एकत्र येतील आणि बाकीचा सगळा वेळ ते सुटण्यात आणि जुळण्यात जाईल.

गुणगुणीविषयीही सांगतो. विजेची वारंवारता ५० वर गोठलेली नसते. ग्रिडच्या, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याच्या, नियमाप्रमाणे ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवण्याचा प्रयत्न असतो. पूर्वी दक्षिणेचे ग्रिड वेगळे होते, म्हणजे बेळगावची वीज आणि कोल्हापूरची वीज वेगवेगळ्या सुरात गुणगुणत असे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने ते देशाच्या ग्रिडला जोडले गेले आणि तेव्हापासून दोन्हीकडचा सूर एकच आहे. सीमेवरचे इतरही प्रश्न असेच एका वाहिनीने सुटले असते तर बरे झाले असते, असे गमतीने म्हणतो.

वडगावकर

काका, आपला अंदाज अचूक आहे. तो भाग मी मुळीच बदललेला नाही. शेडच्या मध्यभागी दोन माइक ठेवून तो सलग मुद्रित केला आहे, आणि त्या भागासाठीच मी ही रचना करायला घेतली.

अमेरिकन रचनाकार स्टीव्ह राइश यांनी १९६५ मध्ये एका रस्त्यावरील धर्मोपदेशकाच्या आवाजाच्या दोन सारख्या फिती दोन यंत्रांवर एकाच वेळी लावल्या आणि यंत्रांच्या वेगात सूक्ष्म फरक असल्यामुळे त्या एकमेकींपासून सरकू लागल्या. त्यातून त्यांची रचनापद्धती जन्मली. ती गोष्ट मला माहीत होती, पण मागांच्या बाबतीत तिचे कारण स्लिपमध्ये आहे हे आज कळले.

खानापूरची

मी लग्नसमारंभांचे चित्रण आणि संपादन करते. तालाला चित्र बांधण्याविषयी एक हिशेब मांडते, कारण चर्चा सौंदर्याची चालली असली तरी कात्री शेवटी फ्रेमवरच लागते.

आपल्याकडे बहुतेक जण सेकंदाला २५ फ्रेमने चित्रण करतात. मिनिटाला १२० ठोके असतील तर एका ठोक्याला साडेबारा फ्रेम येतात. अर्धी फ्रेम कापता येत नाही, म्हणून एकाआड एक ठोका वीस सहस्रांश सेकंदाने पुढे किंवा मागे बसतो. ते कोणाला जाणवणार नाही, पण 'गँट्झ ग्राफ'सारखी जुळणी हवी असेल तर जाणवेल. २४ फ्रेमने केले तर ठोक्याला बरोबर बारा फ्रेम मिळतात. मोबाइल फोनवर चित्रण करणार असाल तर फ्रेमचा वेग स्थिर ठेवणारे ॲप आवर्जून वापरा, कारण पुष्कळ फोन प्रकाशाप्रमाणे तो वेग आपल्या मनाने बदलतात आणि मग लांब दृश्यात आवाज व चित्र सुटत जातात. शेडमध्ये जुन्या चोकच्या ट्यूबलाइट असतील तर त्या सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर पन्नासांश किंवा शतांश सेकंदावर ठेवले नाही तर चित्रात पट्टे सरकताना दिसतील.

पण काकांचे वाचून याहून महत्त्वाची गोष्ट सुचली. मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते म्हणजे सेकंदाला २४. पुलीवर खडूची एक रेघ मारून २४ फ्रेमने चित्रण केले तर प्रत्येक फ्रेममध्ये पुलीचा एक पूर्ण फेरा होऊन रेघ त्याच जागी दिसेल, म्हणजे भरवेगात फिरणारी पुली पडद्यावर स्थिर भासेल. भार वाढून मोटर जरा मंदावली की रेघ सावकाश उलट सरकेल, भार कमी झाला की सुलट. दोन मागांच्या दोन पुल्या शेजारी-शेजारी दाखवल्या तर त्यांच्या रेघा वेगवेगळ्या गतीने तरंगतील. टिळकवाडीकरांना हवे तसे हे चित्र ठोक्याचा पुरावा नाही, कारण त्यात ठोका दिसतच नाही. तरीही ठोके एकमेकांपासून सरकण्याचे जे कारण, त्याच कारणाने ते हलते. संपादनात एकही काप देण्याची गरज नाही. मात्र यासाठी शटर बरेच जलद लागेल, नाहीतर रेघेचा धूसर पट्टा होईल, आणि जलद शटरला ट्यूबलाइट चालणार नाही. खिडकीतून येणारे दिवसाचे ऊन हवे.

जाता जाता : तंबोरा मोबाइलमधल्या तयार ॲपचा असेल तर बदला. माझ्या एका कामावर अशाच आवाजामुळे संकेतस्थळाच्या स्वयंचलित यंत्रणेने मालकीचा दावा लावला होता आणि तो काढून घेण्यात फार वेळ गेला.

वडगावकर

तंबोरा मिरजेचा आहे, घरातलाच. पुलीची कल्पना वाचून मी थक्क झालो.

टिळकवाडीकर

मीही. मी चुकीच्या मागाचे दृश्य दाखवा असे सुचवणार होतो, ते आता मागे ठेवतो. तरी अकरा मिनिटे केवळ पुली पुरेल, असे मला वाटत नाही.

शहापूरची_लेक

इतका वेळ वाचत होते. माझ्या वडिलांनी सारा जन्म मागावर काढला, म्हणून वरच्या चर्चेत मला एक गोष्ट राहून गेलेली दिसते आणि ती संगीताच्या बाहेरची नाही.

कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबल ही मर्यादा मानतात. यंत्रमागांच्या शेडमध्ये आवाज सहसा तिच्या वर असतो, आणि लहान शेडांत कान झाकण्याची साधने मी तरी कोणाकडे पाहिली नाहीत. अशा आवाजाने जाणारी श्रवणशक्ती सगळ्या सुरांत सारखी जात नाही. ती प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपास जाते आणि मग तिथून दोन्ही बाजूंना पसरते. त्यामुळे माणूस बहिरा झाला असे सुरुवातीला कोणाला वाटत नाही. वडिलांना आम्ही बोलतो आहोत हे कळते, स्वर ऐकू येतात, पण 'स', 'श', 'फ', 'थ' गळून पडतात आणि ते वाक्याचा अंदाज बांधतात. धोट्याचा दणका त्यांना अजून नीट ऐकू येतो. त्याच्या लोखंडी टोकाची किणकिण मात्र येत नाही.

चित्राने आवाजाला बांधून घ्यावे की मोकळे राहावे, असे आपण विचारता. माझी सूचना अशी आहे की चित्र अखेरपर्यंत जसेच्या तसे स्वच्छ राहू द्या आणि आवाजातून ४००० हर्ट्झचा पट्टा हळूहळू खोल कापत न्या. सुरुवातीला पट्टा अरुंद असावा, शेवटी ३००० ते ६००० पर्यंत रुंद व्हावा. सहाव्या मिनिटानंतर जी गाळणी आपण लावली आहे तिला असे कारण मिळाले तर ती हौशी वाटणार नाही. तंबोऱ्याच्या जवारीची वरची झणझण आधी जाईल, खर्ज राहील.

आणखी एक. कॅमेरा नेताना मालकांना विणीचे चित्र घेणार नाही असे आधीच सांगा. जॅकार्डवरचे (नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवरचे) नवे डिझाइन बाहेर गेले तर हंगामाचे नुकसान होते आणि त्या भीतीने ते नकार देतील. कापड खालच्या बाजूने किंवा नुसता काठ दाखवला तर बहुधा हरकत नसते. कामगारांचे चेहरे घ्यायचे असतील तर त्यांनाही स्वतंत्रपणे विचारा. मालकाची परवानगी ती त्यांची परवानगी नव्हे.

निपाणीकर

ताई, आपले लेखन वाचून माझा आधीचा प्रश्न मला अपुरा वाटू लागला आहे. हे संगीत मला आवडेल असे नाही, पण जवारी नाहीशी होत गेल्यावर तंबोऱ्याचे काय उरते हे मला ऐकायचे आहे.

टिळकवाडीकर

कल्पना फार मोलाची आहे, म्हणूनच तिच्यातील अडचण सांगतो. इतक्या सावकाश होणारा बदल कानाला कळतच नाही. कान सवय करून घेतो. अकराव्या मिनिटाला ऐकणाऱ्याला काही गेले आहे याचा पत्ताही लागणार नाही. त्यासाठी शेवटी क्षणभर मूळ आवाज पूर्णपणे परत आणावा, म्हणजे फरक अंगावर येईल.

शहापूरची_लेक

परत आणू नये. गेलेले ऐकू येणे परत येत नाही, आणि ते गेले आहे याचा पत्ता न लागणे हेच तर त्याचे स्वरूप आहे. ऐकणाऱ्याला धक्का देण्यासाठी ती गोष्ट खोटी करावी, हे मला मान्य नाही.

खानापूरची

दोघांचेही राखता येईल. कामगारांचे बोलणे मुद्रणात आहेच. त्यातले एखादे स्पष्ट वाक्य, शक्यतो 'स' आणि 'श' असलेले, पहिल्या मिनिटात एकदा येऊ द्या आणि तेच वाक्य दहाव्या मिनिटात, कापलेल्या पट्ट्यातून, पुन्हा येऊ द्या. मूळ आवाज परत येत नाही, तरी ज्याने पहिल्यांदा लक्ष दिले त्याला फरक कळेल. दोन्ही वेळा चित्र एकच असावे.

टिळकवाडीकर

हे 'परत आणण्या'पेक्षा चांगले आहे. पहिल्यांदा लक्ष न देणाऱ्याचे काय, हा प्रश्न उरतो, पण त्याची काळजी आपण करू नये.

वडगावकर

सर्वांचा आभारी आहे. आता आराखडा असा : पहिल्या तीन मिनिटांत धोटा आणि फणी, ठोक्याला बांधलेली, पुढे दोन पुल्यांचे सलग दृश्य, २४ फ्रेमने आणि खिडकीच्या उन्हात, त्याच दृश्याखाली ४००० हर्ट्झचा काप सुरू होईल आणि अखेरपर्यंत खोल होत जाईल. वाक्य मी निवडले आहे. ते अर्धे कानडी आणि अर्धे मराठी आहे, आणि ते बोलणाऱ्या मावशींची संमती घेऊनच ते ठेवेन. चित्रण पावसाळ्यानंतर करावे लागेल, कारण आषाढ-श्रावणात ऊन नसते आणि पत्र्यावरच्या पावसात मागाचाही आवाज बुडतो. पट्टा किती रुंद कापला म्हणजे वडिलांच्या ऐकण्याशी मेळ बसेल, हे ठरवताना ताईंनी त्यांच्या श्रवणचाचणीचा आलेख दाखवला तर अंदाजाने काम करावे लागणार नाही.

शहापूरची_लेक

आलेख आहे. त्यांना विचारून दाखवीन.

उद्यमबाग

खडूची रेघ मोटर बंद करून, मुख्य स्विच काढूनच मारावी. पट्ट्यावरचे संरक्षक कवच चित्रासाठी काढावे लागेल, तेव्हा ट्रायपॉड पट्ट्याच्या रेषेत न ठेवता बाजूला ठेवावा आणि जवळ उभ्या राहणाऱ्यांनी ओढणी, पदर, सैल बाही सांभाळावी. दोन पुल्यांपैकी एका मागावर नवा भरलेला बीम (ताण्याचे सूत गुंडाळलेला रूळ) आणि दुसऱ्यावर संपत आलेला बीम असेल असा दिवस निवडला तर दोघांच्या भारातला फरक चांगला दिसेल. मोटरच्या पाटीवर १४४० लिहिलेले असले तरी प्रत्यक्ष वेग आधी मोजून घ्यावा; माझ्याकडे टॅकोमीटर आहे, निरोप द्या, घेऊन येतो.